शेजाऱ्यांना कचरा वेगळा करायला लावायचाय? आधी ती रागाने लिहिलेली नोटीस काढा

लोकांना कळत नाही म्हणून ते कचरा एकत्र टाकतात, हा समज आधी सोडा. बहुतेकांना कळतं. मी हे काम बरीच वर्षं करते आहे आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सुरुवात व्याख्यानाने झालेली पाहिली आहे. तापमानवाढीची चित्रं दाखवतात, सगळे हळहळतात, आणि दुसऱ्या दिवशी डबे तसेच भरलेले असतात. कळणं आणि करणं यांच्या मध्ये सवय, कंटाळा आणि शेजारचा काय करतो याकडे असलेलं लक्ष आडवं येतं. मेहनत तिथे घ्यायची.

उदाहरण ओल्या-सुक्या कचऱ्याचं घेते. पाणी, वीज, वाहनांचा वापर, सगळीकडे क्रम हाच.

1. एकच कृती निवडा

‘पर्यावरण वाचवा’ ही कृती नव्हे. ‘ओला कचरा वेगळ्या डब्यात टाका’ ही कृती आहे.

2. कोणाला न सांगता दोन आठवडे मोजा

रोज किती घरांचा कचरा वेगळा येतो, एवढंच वहीत लिहा. ही वही पुढे लागणार आहे, म्हणून अंदाजाने आकडे भरू नका.

3. वाटेतली अडचण काढा

डबा अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर कोणतंही मानसशास्त्र उपयोगी पडणार नाही. तो येण्या-जाण्याच्या वाटेवर आणा. झाकणाकडेही लक्ष द्या. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वस्तूच्या आकाराचं भोक असलेली झाकणं बसवल्यावर पेयांचे डबे-बाटल्या योग्य जागी पडण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी वाढलं आणि त्यात मिसळणारा भलताच कचरा 95 टक्क्यांनी घटला. भाषण कोणीही दिलं नव्हतं.

4. संदेश लिहा, आणि इथे घाई करू नका

याच पायरीवर मी सपशेल चुकले होते. मोजणीत निम्म्याहून थोडी कमी घरं कचरा एकत्र टाकत होती. मला संताप आला आणि मी मोठ्या अक्षरात नोटीस लावली: ‘आपल्यातली कितीतरी घरं अजूनही कचरा एकत्र टाकतात. हे लाजिरवाणं आहे.’ तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर एकत्र टाकणारी घरं वाढली होती. आधी नेमाने वेगळा करणारी एक बाई मला म्हणाली, “सगळेच एकत्र टाकतात म्हणे. मग मी एकटीने करून काय होणार?” हे ‘म्हणे’ माझ्याच नोटिशीतून आलं होतं.

पुढे कळलं की हे आधीच मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून पर्यटक अश्मीभूत, म्हणजे दगड बनलेल्या, लाकडाचे तुकडे उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळे फलक लावून पाहिले. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेलं, त्यामुळे जंगलाचं रूप बदललं’ अशा अर्थाच्या फलकापाशी खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ 8 टक्के चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ असं साधं सांगणाऱ्या फलकापाशी 2 टक्क्यांहून कमी. तक्रारीच्या वाक्यात ‘हे वाईट आहे’ आणि ‘हे सगळेच करतात’ असे दोन निरोप असतात. माणूस दुसरा उचलतो.

म्हणून वाक्य उलटं करा. माझ्याच वहीत निम्म्याहून जास्त घरं नीट वागत होती, ते मी सांगितलंच नव्हतं. नवी नोटीस साधी होती: ‘या जिन्यावरच्या 12 पैकी 8 घरांनी या आठवड्यात कचरा वेगळा दिला.’ आकडा जितका जवळच्या लोकांचा, तितका चांगला. हॉटेलमधला टॉवेल पुन्हा वापरण्याविषयीच्या 2008 च्या प्रयोगात पर्यावरणाचं नुसतं आवाहन वाचून सुमारे 37 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, तर ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी वापरला’ हे वाचून सुमारे 49 टक्क्यांनी. शहराची सरासरी सांगण्यापेक्षा मजल्याची सांगा.

करणारे खरंच कमी असतील तर? खोटा आकडा लावू नका. लोक डोळ्यांनी डबे बघतात, आणि एकदा विश्वास गेला की तुमचा पुढचा कागद कोणी वाचत नाही. अशा वेळी बदल सांगा: ‘गेल्या महिन्यात 3 घरं होती, आता 5 आहेत.’ ग्रेग स्पार्कमन आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये हेच दाखवलं. ‘30 टक्के लोक मांस कमी खायचा प्रयत्न करतात’ हे वाचणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांनी दुपारी बिनमांसाचं जेवण मागवलं. ‘अलीकडच्या काही वर्षांत 30 टक्के लोकांनी असा प्रयत्न सुरू केला’ हे वाचणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांनी. आकडा तोच, पण लोक कुठे निघाले आहेत ते दिसलं.

आणखी एक खड्डा आहे आणि त्यात शिकलेसवरलेले लोकही पडतात: नुसती सरासरी जाहीर करणं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे सुमारे 290 घरांना त्यांचा आणि शेजाऱ्यांचा वीजवापर कळवला गेला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण आधीपासून कमी वापरणाऱ्यांचा वाढला. 2007 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या कागदावर आकड्याशेजारी हसरा चेहरा काढला होता, त्या काटकसरी घरांचा वापर मात्र वाढला नाही. तेव्हा चांगलं करणाऱ्याला आकडा देताना शाबासकीही द्या. मी नेहमी दाराशी जाऊन तोंडी देते. कागदापेक्षा ते जास्त पोचतं, असा माझा अनुभव आहे.

मसुदा लोकांना दाखवून ‘यातला कोणता पटतो?’ असं विचारू नका. शेजाऱ्यांचा आपल्यावर सर्वांत कमी परिणाम होतो असं लोक मनापासून सांगतात. 2008 च्या एका अभ्यासात त्याच कारणाचा परिणाम सर्वांत जास्त निघाला. कोणता संदेश चालला ते वहीत बघा.

5. प्रत्येकाकडून छोटा शब्द (वचन) घ्या

चारचौघांत, आणि वेळ-जागा ठरवून: ‘रात्री ओटा पुसून झाला की ओला डबा बाहेर ठेवीन.’

6. दंडाची घाई नको

बैठकीत कोणीतरी दंड सुचवतंच. मी विरोध करते. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तर उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. दंड काढल्यावरही प्रमाण उतरलं नाही. उरी गनीझी आणि आल्डो रुस्तिकीनी या अर्थशास्त्रज्ञांचा हा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी उशीर करताना संकोच वाटायचा, मग उशीरच पैसे देऊन विकत घेता येऊ लागला. किरकोळ दंड सर्वांत वाईट.

7. नव्याने राहायला आलेल्यांना गाठा

जुनी सवय मोडण्यापेक्षा अजून न बसलेली सवय घडवणं सोपं. ब्रिटनमधल्या 800 घरांच्या एका अभ्यासात (2016) पर्यावरणपूरक सवयींसाठी केलेल्या मदतीचा सर्वाधिक उपयोग गेल्या तीन महिन्यांत घर बदललेल्यांना झाला. म्हणून सामान लागायच्या आत दोन्ही डबे घेऊन जा. पत्रक नको. त्याच मजल्यावरचं, कचरा नीट वेगळा करणारं कोणीतरी बरोबर न्या, आणि निघताना वहीतला त्या आठवड्याचा आकडा सांगून या.