सामूहिक वनहक्काच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

लोकशाही आणि मानवी हक्कांचे काम करायचे म्हणून गडचिरोलीत येणारे बरेच जण समाजकार्याची नाहीतर कायद्याची पदवी घेऊन येतात आणि आल्या आल्या दाव्याचा, म्हणजे गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मागण्याच्या अर्जाचा, नमुना मागतात. नमुना भरायला एक दुपार पुरते. दावा टिकतो की परत येतो, हे त्याआधीच्या ग्रामसभांच्या इतिवृत्तावर ठरते.

पहिला प्रश्न: ग्रामसभा कोणाची? २००६ च्या वनहक्क कायद्यात ती गावाची किंवा टोल्याची (वाडी-पाड्याची) असते. चार-पाच गावांच्या गटग्रामपंचायतीचा एकच ठराव जोडला की दाव्याचा पायाच कच्चा राहतो. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. म्हणजे १८० प्रौढांच्या गावात किमान ९० माणसे आणि त्यांत ३० बायका. दाव्यांवर ठराव करायचा तर दावेदारांपैकी निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधीही हजर हवेत. बायकांच्या सह्या नवऱ्यांनी करून टाकणे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे, आणि विरोधकाला नेमकी तीच सापडते. उपाय साधा आहे: सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा. मोहफुलांच्या दिवसांत सकाळी कोणी येणार नाही, तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात दिवसभर नाही. इतिवृत्त सभेतच लिहा, वाचून दाखवा आणि मजकूर संपतो तिथूनच सह्या सुरू करा. मध्ये कोरी जागा सोडली की तिथे नंतर काय लिहिले जाईल, सांगता येत नाही.

वाचून दाखवा म्हणजे मराठीत नव्हे. भामरागडकडे माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू. मराठी ठरावावर माना डोलतात, पण मान डोलणे म्हणजे संमती नाही. ठराव गावातल्याच कुणाकडून गावच्या बोलीत सांगून घ्या आणि तसे सांगितल्याची नोंद इतिवृत्तात करा.

दाव्यांची पडताळणी करणाऱ्या गावच्या वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य असतात. किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक तृतीयांश महिला. नमुने तीन आहेत: अ वैयक्तिक, ब सामूहिक हक्कांचा, क सामूहिक वनसंपत्तीचा. फक्त ब भरून थांबणे ही सगळ्यात महाग पडणारी चूक. त्यातून चराई, मासेमारी, गौण वनोपज (बांबू, तेंदू, मोहासारखे लाकूड सोडून इतर उत्पन्न) मिळते. जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार क मधून येतो.

नकाशाचे काम पावसाळा सरल्यावर करा. वनविभागाचा कक्ष क्रमांकांचा (जंगलाच्या पाडलेल्या तुकड्यांच्या क्रमांकांचा) नकाशा आधी उघडून बसू नका. तो समोर आला की लोक कागदावरच्या रेघेवर बोट ठेवतात आणि गावाची शीव बाजूला पडते. आधी जाणत्यांबरोबर शिवेवरून चाला. नाले, डोंगर, देवस्थाने गाव म्हणते त्याच नावांनी लिहा, जीपीएसवर बिंदू घ्या, कक्ष क्रमांक शेवटी जुळवा. शेजारच्या गावाशी शीव अडली तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचा असतो. हे टाळून उरकलेला दावा पुढे दोन गावांचे भांडण होऊन बसतो.

पुरावे किमान दोन. निस्तारपत्रक (जंगलातून गाव काय वापरू शकते याची जुनी सरकारी नोंद), जुने नकाशे, स्मशान, विहिरी, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, सगळे चालते. उपग्रहचित्र नाही म्हणून दावा अडवला तर नियम दाखवा. ते जोडीला घेता येते, इतर पुराव्यांच्या जागी नाही. स्थळपाहणीची सूचना वन आणि महसूल, दोन्ही विभागांना देऊन पोच घ्याच. आमचा माणूस पाहणीला नव्हता, असा आक्षेप वनविभागाने नंतर घेतला तर दावा ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. पोच नसेल तर हे सिद्ध कशावर करणार?

दावा उपविभागीय समितीकडून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. फेटाळला किंवा क्षेत्र कमी केले तर कारणे लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर दाद मागायला ६० दिवस असतात. तोंडी निरोपावर गाव थांबले की मुदत निघून जाते. हाती आलेल्या हक्कपत्रात क्षेत्र, कक्ष क्रमांक आणि घुसवलेल्या अटी तपासा. हक्कपत्राच्या मिरवणुकीत हे कोणी वाचत नाही. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले.

खरी कसोटी तेंदूच्या पहिल्या हंगामात लागते. हिशेब असा: ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. ठेकेदार मजुरी देतो आणि स्वामित्वधनाची (पानांच्या मालकीपोटी ग्रामसभेला द्यायची) रक्कम बाकी ठेवून माल उचलतो. मग गाव त्याच्या मागे फिरते. त्यामुळे करारात एक कलम ठेवाच: त्या खेपेची पूर्ण रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय वाहतूक परवान्यावर सही नाही. खाते ग्रामसभेच्या नावाचे, सह्या किमान दोघांच्या, त्यात एक महिला. पॅन कार्ड हंगामाआधीच काढा, नाहीतर कर जास्त कापला जातो.

तुमचा पगार बहुधा प्रकल्पाचा असतो, दोन-तीन वर्षांचा. म्हणून मूळ फाईल संस्थेच्या कपाटात ठेवू नका. ती गावात राहू द्या, पोचपावत्यांसकट.