गोल बाउलमधले गोल्डफिश वर येऊन तोंड उघडतात: मित्राला टाकी घ्यायला कसं पटवलं

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या मित्राकडे गोल बाउलमध्ये दोन गोल्डफिश. लक्षणं अशी: मासे सतत वर येऊन तोंड उघडतात, पाणी बदललं तरी दुसऱ्या दिवशी गढूळ, आणि मासा मेला की "यांचं आयुष्यच तेवढं".

समजावून झालं, व्हिडिओ पाठवून झाले, त्याच्या आईलाही सांगून पाहिलं. जीव तडफडताना बघणं फार जड गेलं.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी अमोनियाचं (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) टेस्ट किट नेलं आणि थेंब त्यालाच टाकायला लावले. पहिल्यांदा नळाचं पाणी: पिवळं, म्हणजे अमोनिया नाही. मग बाउलचं: गर्द हिरवं, म्हणजे भरपूर अमोनिया. इथे वाद घालू नका, रंग बघू द्या. मग सांगितलं, नीट ठेवले तर हे मासे दहा वर्षांहून जास्त जगतात, वीतभर वाढतात. टाकीचा विषय त्यानंतरच काढला. जुनी मिळाली, 3 फूट लांब, रुंदी-उंची सव्वा फूट, म्हणजे साधारण 130 लिटर. भरल्यावर वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, म्हणून लोखंडी स्टँड घ्याच.

नळाचं पाणी भरून अँटी-क्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकलं, फिल्टर सुरू केला. त्यात माझ्या चालू टाकीतला न धुतलेला स्पंज घातला. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात. मासे सोडले ते शेवटी. सुरुवातीला रोज टेस्ट, हिरवट दिसलं की पाव पाणी बदलायचं. खाणं चिमूटभरच. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये टाकी खिडकीच्या उन्हात नको, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.