क्रूझवर आजारी पडल्यास काय करावे आणि कंपनीकडे तक्रार कशी मांडावी

क्रूझच्या जहाजावर आजारी पडणे हा प्रत्येक वेळी कंपनीचा दोष असतोच असे नाही. हजारो माणसे कित्येक दिवस एकाच ठिकाणी जेवतात, जिन्याचे तेच कठडे धरतात आणि लिफ्टची तीच बटणे दाबतात, तेव्हा एखाद्या प्रवाशाबरोबर आलेला विषाणू सहज पसरतो. म्हणूनच "मी तुमच्या जहाजावर आजारी पडलो" एवढाच मजकूर असलेल्या तक्रारीची बोळवण बहुधा सहानुभूतीच्या दोन ओळींनी होते. कंपनीने काय करायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय केले, हे जी तक्रार तारीखवार दाखवते, तीच टिकते. त्यासाठी लागणारे पुरावे जहाजावर असतानाच जमवावे लागतात, कारण केबिन साफ होऊन पुढच्या प्रवाशाला दिली गेली की त्यातले बरेचसे पुन्हा मिळत नाहीत.

आजार लपवू नये

क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ येते तेव्हा बहुतेक वेळा नोरोव्हायरस कारणीभूत असतो. संसर्ग झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसू लागतात आणि एरवी धडधाकट असलेला माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने हात नीट धुणे हाच खरा उपाय आहे. लक्षणे थांबल्यानंतरही विषाणू काही काळ शरीराबाहेर पडत राहतो, त्यामुळे बरे वाटू लागताच बुफेच्या रांगेत जाऊन उभे राहणे योग्य नाही.

केबिनमध्ये अडकून पडावे लागेल किंवा दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर उतरता येणार नाही, या भीतीने अनेक जण मेडिकल सेंटरला काहीच कळवत नाहीत. ही भीती समजण्यासारखी असली, तरी त्यातून दुहेरी नुकसान होते. एक तर आपल्यामुळे वयस्कर सहप्रवाशांना किंवा लहान मुलांना संसर्ग होतो आणि त्यांच्या बाबतीत हाच आजार गंभीर होऊ शकतो. शिवाय जहाजाच्या वैद्यकीय नोंदींत आपले नावच नसेल, तर पुढे आपण तिथे आजारी होतो हेच सिद्ध करणे अवघड जाते.

तेव्हा पहिली उलटी किंवा पहिला पातळ जुलाब झाला की केबिनमधल्या फोनवरून मेडिकल सेंटरला कळवावे आणि कुठे यायचे ते विचारावे. न विचारता चालत जाऊ नये. तोपर्यंत जलसंजीवनी घोट घोट घेत राहावी. तिचे तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घ्यावे. चमचा चहाचा असावा आणि माप चुकवू नये. लघवी फार कमी किंवा गडद होणे, उभे राहताच चक्कर येणे, शौचातून रक्त पडणे, ताप चढणे, लहान मूल रडताना डोळ्यांत पाणी न येणे यांपैकी काहीही दिसले तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना लगेच बोलवावे. रक्त किंवा ताप असताना जुलाब बंद करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर अशा रुग्णाला सहसा एक प्रश्नावली दिली जाते. लक्षणे सुरू होण्यापूर्वीच्या ७२ तासांत आपण कुठे जेवलो आणि कोणकोणत्या कार्यक्रमांत भाग घेतला, हे तिच्यात लिहायचे असते. अंगात त्राण नसताना ती भरणे जिवावर येते, पण ती नीट आठवून भरावी आणि परत देण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढावा. तक्रारीच्या दृष्टीने हा फार मोलाचा कागद आहे, कारण वाद निर्माण होण्यापूर्वी, सारे ताजे असताना केलेले ते आपले निवेदन असते.

नोंद ठेवणे

नोंद मोबाइलवर ठेवली तरी चालेल. मात्र ती त्या त्या वेळीच केलेली असावी आणि तिच्यात रागाचे शब्द नसावेत. उदाहरणार्थ: "मंगळवार, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११.४० – पहिली उलटी. ११.५५ – मेडिकल सेंटरला फोन केला. परिचारिकेने केबिनमध्येच थांबण्यास सांगितले. बुधवार, सकाळी ७.१० – पिण्याचे पाणी मागितले. ९.०५ – पुन्हा मागितले. १०.३० – पाण्याच्या दोन बाटल्या आल्या. बाथरूममध्ये उलटी पडलेली असून सफाईसाठी अजून कोणीही आलेले नाही." अशा पाच-सहा ओळी पुढच्या पानभर संतापापेक्षा जास्त काम करतात. जहाजाचे घड्याळ आणि किनाऱ्यावरची वेळ यांत फरक असू शकतो, म्हणून कोणती वेळ लिहिली आहे तेही नमूद करावे.

सोबत फोटो असावेत: न धुतलेली फरशी, साबण संपलेला डबा, उघडे पडलेले अन्न, बंद असलेले हात धुण्याचे बेसिन. आजारी पडलेल्या इतर प्रवाशांशी ओळख झाली तर त्यांच्या संमतीने नाव, केबिन क्रमांक आणि ईमेल लिहून घ्यावा. मात्र दुसऱ्याच्या आजारपणाचे फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढू नयेत.

जहाजावरच लेखी तक्रार

उतरण्यापूर्वी तक्रार लेखी नोंदवणे, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये क्रूझ सहसा पॅकेज सहल मानली जाते आणि सेवेतील उणीव विनाकारण विलंब न करता आयोजकाला कळवावी, अशी तेथील कायद्याची अपेक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चूक सुधारण्याची संधी जिला मिळालीच नाही ती कंपनी पुढे नेमके तेच कारण पुढे करते. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर तोंडी बोलणे झाले असले, तरी त्याच दिवशी तोच मजकूर ईमेलने किंवा कागदावर द्यावा, बोललेल्या कर्मचाऱ्याचे नाव व हुद्दा लिहून घ्यावा आणि तक्रार क्रमांक मागावा. विलगीकरणात असाल तर हे काम सोबत्याला करू द्यावे किंवा फोनवरून करावे.

विलगीकरण ही शिक्षा नव्हे आणि केवळ ते केले म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. लक्षणे थांबल्यानंतर किमान २४ तास वेगळे राहणे ही रास्त खबरदारी आहे. पण त्या काळात जेवण, पाणी, औषध, स्वच्छ चादरी आणि सफाई वेळेवर मिळालीच पाहिजे. माझ्या मते बहुतेक खऱ्या तक्रारी याच ठिकाणी जन्म घेतात. आजार कुठून आला हे सिद्ध करणे कठीण असते, पण बंद केबिनमध्ये माणसाची आबाळ झाली हे दाखवता येते.

मेडिकल सेंटरचे बिल सहसा केबिनच्या खात्यावर टाकले जाते आणि मग विमा कंपनीकडून परतावा मागावा लागतो. म्हणून तपशीलवार बिल, तपासण्यांचे निकाल आणि उपचारांच्या नोंदींची प्रत उतरण्यापूर्वीच मागून घ्यावी. साथीच्या वेळी काही कंपन्या पोटाच्या आजारावरील तपासणीचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे आधी विचारून घ्यावे. प्रकृती बिघडल्याने वाटेतल्या बंदरावर उतरवले जाणार असेल, तर विमा कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर आधी फोन करावा. पूर्वकल्पना न देता रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा केलेला खर्च नाकारला जाऊ शकतो. पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात असेल तर तो परत घेतल्याशिवाय उतरू नये.

मुदती

तिकिटाचा करार लांबलचक आणि बारीक अक्षरांत असतो, पण त्यातील मुदतींचे कलम तरी वाचावेच. आरोग्याला झालेल्या अपायाबद्दल कंपनीला लेखी सूचना देण्यासाठी सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दावा दाखल करण्यासाठी एक वर्षापेक्षा कमी मुदत करारात घालता येत नाही, असे अमेरिकी कायदा सांगतो. आणि बऱ्याच कंपन्या नेमकी तेवढीच मुदत देतात. जिथे समुद्रमार्गे प्रवासी वाहतुकीविषयीचा आंतरराष्ट्रीय अथेन्स करार लागू असतो, तिथे वैयक्तिक इजेच्या दाव्याची मुदत साधारणपणे उतरल्यापासून दोन वर्षे असते. मात्र जहाज बुडणे किंवा आदळणे यांसारखी दुर्घटना नसेल, तर कंपनीचा निष्काळजीपणा प्रवाशालाच सिद्ध करावा लागतो. युरोपीय संघाच्या सागरी प्रवाशांविषयीच्या २०१० च्या नियमांच्या कक्षेत येणारी तक्रार प्रवासानंतर दोन महिन्यांच्या आत करायची असते. त्यावर कंपनीने एका महिन्यात प्राथमिक आणि दोन महिन्यांत अंतिम उत्तर द्यायचे असते.

दावा कुठे चालेल हेही करारात लिहिलेले असते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट या खटल्यात, तिकिटावर छापलेली फ्लोरिडातच दावा करण्याची अट वॉशिंग्टन राज्यातल्या प्रवाशांवर बंधनकारक ठरवली. जहाजावरील डॉक्टरच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही, असा मजकूरही तिकिटावर आढळतो. तो वाचून लगेच माघार घेऊ नये, कारण २०१४ मध्ये तेथील एका फेडरल अपील न्यायालयाने अशा चुकीसाठी कंपनीवर दावा चालू शकतो असा निर्णय दिला आहे. इजा गंभीर असेल, तर कराराची प्रत घेऊन सागरी कायदा जाणणाऱ्या वकिलाला लवकर भेटावे.

पत्र कसे लिहावे

घरी परतल्यावर आठवड्याभरात कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र किंवा ईमेल पाठवावा. बुकिंग एजंटामार्फत झाले असेल तर त्यालाही प्रत द्यावी. बुकिंग क्रमांक, जहाजाचे नाव, प्रवासाच्या तारखा आणि केबिन क्रमांक सुरुवातीलाच असावेत. त्यानंतर घटना क्रमाने, नंतर कंपनीची नेमकी उणीव आणि शेवटी स्पष्ट मागणी. उदाहरणार्थ: "दिनांक १२ रोजी सकाळी ७.१० ते १०.३० या वेळेत दोनदा मागूनही पिण्याचे पाणी मिळाले नाही आणि त्या दिवशी केबिनची सफाई झाली नाही. याची लेखी तक्रार मी त्याच दिवशी नोंदवली असून तिची प्रत जोडली आहे. विलगीकरणातील दोन दिवसांचे भाडे, न वापरलेल्या दोन किनारा-सहलींचे शुल्क आणि सोबतच्या बिलाप्रमाणे वैद्यकीय खर्च परत मिळावा. कृपया २८ दिवसांत लेखी उत्तर द्यावे." प्रत्येक मागणीमागे एखादा कागद असावा. संपूर्ण भाडे परत मागण्याचा मोह होतो, पण सात दिवसांपैकी पाच दिवस व्यवस्थित गेले असतील तर त्या मागणीमुळे रास्त भागही कमकुवत होतो. विम्यातून मिळालेली रक्कम कंपनीकडे पुन्हा मागू नये.

जहाज अमेरिकी बंदरात येणारे असेल, तर सीडीसी या तेथील सरकारी आरोग्य संस्थेच्या जहाज-स्वच्छता कार्यक्रमाचे तपासणी अहवाल पाहावेत. तिथे १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास, आणि अहवालात कोणत्या स्वयंपाकघरात काय आढळले हेही लिहिलेले असते. प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी ३ टक्के किंवा त्याहून अधिक जणांनी पोटाच्या आजाराची लक्षणे कळवली असतील, तर ती साथ या कार्यक्रमाच्या यादीत जाहीर होते. आपल्या फेरीचे नाव त्या यादीत असेल तर त्याचा उल्लेख पत्रात जरूर करावा.

उतरल्यानंतर ताप, खोकला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना क्रूझची माहिती आवर्जून द्यावी. हॉट टबसारख्या ठिकाणच्या पाण्याच्या तुषारांतून होणारा लिजनेअर्स हा न्यूमोनियाचा प्रकार संसर्गानंतर दोन ते १४ दिवसांनी प्रकट होतो आणि लघवीच्या एका तपासणीतून त्याचे निदान होऊ शकते. पोटाचा त्रास रेंगाळला असेल तर शौचाची तपासणी करून घ्यावी. असे निदान झाल्यास ते आरोग्य खात्याला आणि कंपनीला, दोघांनाही लेखी कळवावे. त्यामुळे जहाजाच्या पाण्याची तपासणी लवकर होऊ शकते.

पत्राच्या उत्तरात कंपनी अनेकदा रोख रकमेऐवजी पुढच्या क्रूझसाठी सवलत देऊ करते. ती वापरण्याची मुदत, ती दुसऱ्याच्या नावावर होते की नाही आणि ती स्वीकारल्यास उरलेला दावा सोडावा लागतो का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. "पूर्ण व अंतिम समझोता" असे शब्द असलेल्या कागदावर, तब्येत पूर्ण सुधारली नसताना आणि सर्व बिले हातात आलेली नसताना, सही करू नये. उत्तर असमाधानकारक असेल किंवा आलेच नाही, तर प्रवास कंपन्यांच्या संघटनेची तडजोड योजना, तिकीट विकलेल्या देशातील ग्राहक यंत्रणा आणि छोट्या रकमांच्या दाव्यांचे न्यायालय, या क्रमाने पुढे जावे. या पत्रव्यवहारामुळे करारातील मुदत थांबत नाही, म्हणून तिची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.