'आपल्याच माणसाचा नंबर हाय': फोनवरच्या या चुका टाळा

सोयाबीन निघालेलं, कापूस अजून झाडावर, आणि सगळ्यांचे डोळे पीएम किसानच्या 2,000 रुपयांकडे. नेमक्या अशा दिवसांत आमच्या यवतमाळकडच्या गावाच्या ग्रुपवर एक फाइल पडली. नाव योजनेचं, शेवटी एपीके. पाठवणारा शेजारचा काका. विचारलं तर म्हणे, "म्या काहून पाठवू बाप्पा, मले तर फोटोबी पाठवता येत नाही." सकाळी त्यानं तीच फाइल कुठून तरी आलेली उघडली होती. पुढचं त्याच्या फोननं परस्पर केलं.

अनोळखी नंबरला आता सगळेच बिचकतात. घात होतो तो ओळखीच्या नावानं. एपीके म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप बसवायची फाइल. बसताना ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली, की तुम्ही ओटीपी कोणाला न सांगताही तो ठगाला मिळतो. योजनेचे वर्षाचे 6,000 रुपये 3 हप्त्यांत थेट खात्यात येतात. ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, योजनेच्या पोर्टलवर, अधिकृत ॲपवर किंवा सेवा केंद्रात होते. ग्रुपवरच्या फाइलचं त्यात काही काम नाही.

बसलीच असेल, तर आधी डेटा बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येते, म्हणून 'लोक हसतील' म्हणत संध्याकाळ करू नका. मग ॲप काढा. निघत नसेल तर फोन रीसेट. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट करा आणि टू-स्टेप पिन लावा.

दुसरी चूक माझीच. पीकविम्याच्या गर्दीत आधार आणि पासबुकाचे फोटो एका केंद्राच्या व्हॉट्सॲपवर टाकले. पुढच्या खेपेला गेलो, तर डेस्कटॉपवर माझ्या आधाराशेजारी अर्ध्या गावाची आधारं! केंद्रातला पोरगा भला आहे, पण त्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह कोण कोण लावतं? आता काम झालं की फोटो डिलीट होईस्तोवर तिथून हलत नाही. पूर्ण नंबर लागत नसेल तिथं शेवटचे 4 अंकच दिसणारं 'मास्क्ड आधार' देतो. एमआधार ॲपवरून बायोमेट्रिकही लॉक केलंय, म्हणजे अंगठ्यावर परस्पर पैसे निघत नाहीत. फक्त रेशनला जाताना ते उघडावं लागतं, नाहीतर मशीन अंगठा घेत नाही आणि मागची रांग बोलायला लागते.

फेसबुकवर तुमचाच फोटो लावून कोणी पैसे मागत असेल, तर त्या खोट्या प्रोफाइलचा रिपोर्ट करा, चार मित्रांनाही करायला लावा. मित्रयादी लपवून ठेवा; ठग गिऱ्हाईक तिथूनच शोधतो.

आणि आठवडी बाजारात छत्रीखाली सिम घेताना "अंगठा आला नाही, पुन्हा लावा" म्हटलं, तर सावध व्हा. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघू शकतं. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. काकाच्या नावावर 4 निघाली. फोन त्याच्याकडे एकच आहे.