ईआर डायग्राम कोणी वाचेना, मग इंग्रजी वाक्यं लिहिली

लायब्ररी सिस्टिमचा ईआर डायग्राम, म्हणजे डेटाबेसमध्ये कशाकशाच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध याचा चौकोन-रेषांचा नकाशा, दाखवला की मंडळी नुसती माना डोलवायची आणि घोळ कळायचा टेबलं बनल्यावर. मग प्रत्येक रेषेचं सरळ इंग्रजी वाक्य केलं, 'ईच कॉपी इज बॉरोड बाय ॲट मोस्ट वन मेंबर' असं, आणि वाचून दाखवलं तर लगेच एकजण म्हणाला, अहो पण आधी कोणी नेलं होतं तेही लागतं ना? झालं, लोनचं, म्हणजे कोणी कधी पुस्तक नेलं याचं, वेगळं टेबल आलं, इश्यू डेट तिकडे गेली. नाम म्हणजे एंटिटी (जिची नोंद ठेवायची ती गोष्ट), सकर्मक क्रियापद म्हणजे रिलेशनशिप (दोन गोष्टींमधला संबंध) हे ईआर डायग्रामचा जनक पीटर चेननं १९८३ मध्येच मांडलंय, पण ते ढोबळच धरा. खरं काम 'ईच', 'ॲट मोस्ट वन' करतात, नुसत्या 'हॅज'वर सोडलं तर काही खरं नाही. आणि वाक्याखाली दोन-तीन खऱ्या नोंदी लिहाच, नियम चुकला असेल तर तिथेच पकडला जातो.