कर्न्झा पेरताय? बी खोल घालू नका

इकडे मिनेसोटात कोणी कर्न्झा लावायच्या विचारात असेल तर एक सांगते, हा आपला गव्हांकुराचा ज्यूसवाला प्रकार नाही बरं का, हे गव्हाच्या नात्यातलं बारमाही गवत आहे, एकदा पेरलं की काही वर्षं दाणे देतं आणि मुळं पार १० फुटांपर्यंत खाली जातात, त्यामुळे माती धरून ठेवतं आणि खतातलं नायट्रेट पाण्यात फारसं झिरपू देत नाही. कॅन्ससच्या लँड इन्स्टिट्यूटने २००३ पासून यावर काम केलंय, २०१९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने क्लिअरवॉटर नावाचं वाण काढलं.

आता मुख्य गोष्ट. दाणा हातावर घेऊन बघा, जिऱ्यासारखा बारीक लांबट, गव्हाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा. म्हणून अर्ध्या इंचापेक्षा खोल गेला तर नीट उगवत नाही, जमीन आधी घट्ट दाबून घ्या, पाऊल रुतता कामा नये. आणि पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच, कारण थंडी खाल्ल्याशिवाय याला ओंबी धरत नाही, वसंतात पेरलं तर पहिल्या वर्षी नुसता पाला.

तिसऱ्या वर्षानंतर दाणे कमी होतात, पण चारा चांगलाच मिळतो, गुरं आवडीने खातात.

पिठाला मस्त खमंग वास असतो पण चिकटपणा कमी, पोळी लाटताना कडा फाटतात, तेव्हा गव्हाच्या पिठात पाव हिस्साच मिसळा. गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन यातही असतं, म्हणून सीलिअॅकवाल्यांनी (ज्यांना ग्लुटेन सोसत नाही) अजिबात खाऊ नये.