जँगोला पॅच पाठवण्याआधी टेस्ट लाल (म्हणजे नापास) होते का ते बघा

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधला बग दुरुस्त करताना टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारा छोटा कोड) आधी लिहा, कोड नंतर बदला. पॅच, म्हणजे पाठवायचा बदल, तयार झाल्यावर फक्त कोडच्या फाइलींमधले बदल गिट स्टॅशने (बदल तात्पुरते बाजूला ठेवणारी गिटची कमांड) बाजूला ठेवा आणि नवी टेस्ट चालवा. ती तरीही पास झाली, तर ती तो बग पकडतच नाही, पुन्हा लिहा.

सुरुवातीला जँगोचा रेपो (कोडचा साठा) क्लोन करून वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनची स्वतंत्र जागा) तो पिप या पायथनच्या इन्स्टॉलरच्या एडिटेबल पर्यायाने इन्स्टॉल करा. साधा इन्स्टॉल केलात तर टेस्ट साइट-पॅकेजेस या पायथनच्या इन्स्टॉल फोल्डरमधल्या प्रतीवर चालतात आणि तुमचे बदल दिसतच नाहीत. इथे पुष्कळांचा वेळ जातो. मग 'टेस्ट्स' फोल्डरमधली रिक्वायरमेंट्सची (लागणाऱ्या पॅकेजेसची) यादी इन्स्टॉल करून रनटेस्ट्स ही स्क्रिप्ट चालवा. दरवेळी हजारो टेस्ट कशाला? स्क्रिप्टपुढे मॉड्यूलचे नाव द्या, तेवढ्याच चालतील. पूर्ण संच शेवटी एकदा पुरे.

टेस्ट एकटी पास आणि संचात नापास होत असेल, तर आधीची एखादी टेस्ट मागे काहीतरी सोडून जाते. रनटेस्ट्सचे रिव्हर्स (उलट्या क्रमाने), पेअर (जोडीजोडीने) आणि बायसेक्ट (संच अर्धा अर्धा करत) हे पर्याय ती शोधायलाच आहेत.

टेस्ट मुळात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतात. ओआरएमला (जँगोचा डेटाबेसशी बोलणारा भाग) हात लावला असेल तर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची सेटिंग्ज फाइल देऊनही चालवाच. एसक्यूलाइट व्हारचारची (मर्यादित लांबीच्या मजकुराचा कॉलम) लांबी तपासत नाही. पोस्टग्रेस तिथेच एरर देतो.